मान्य, अमान्य आणि तिसरा शब्द

आनसो मेला तो पाणी घातलेल्या वाइनपायी. निदान भांडण तिथून सुरू झालं. पॅरिसच्या त्या डाव्या काठावर, जिथे पावलापावलाला एक धर्मशास्त्री आणि त्याच्या शेजारी एक गुत्ता, तिथे मारामारीला निमित्त तरी कशाला लागतं म्हणा. पण त्या दिवशी लागलं.

भिंतीकडच्या बाकावर पिकार्डीची पोरं बसली होती, दाराकडच्या बाकावर नॉर्मंडीची. सगळी विद्यापीठातली. सगळ्यांच्या डोक्यावर मधोमध केसांचा गोल तासलेला, म्हणजे सगळी चर्चची माणसं, शहराच्या कोतवालाने ज्यांना बोट लावायचं नाही अशी. असला माज अंगात असल्यावर पोरं काय करणार? धर्मग्रंथ वाचायची आणि टाळकी फोडायची. दोन्ही सारख्याच उत्साहाने.

"गुत्तेवाल्या, ह्यात द्राक्षं कमी आणि सेन नदी जास्त आहे रे!" आनसो ओरडला. आनसो म्हणजे त्याच बाकावरच्या गोबेरचा धाकटा भाऊ. मिसरूड नुकतं फुटलेलं, तोंडाला कुलूप नाही.

"पिकार्डीत गाढवाचं मूत पिणाऱ्यांना वाइनची चव कधीपासून कळायला लागली?" दाराकडून तुस्तान म्हणाला. नॉर्मन बाकावर हशा पिकला.

"गाढवाचं का असेना, आम्ही ताजं पितो. तुम्ही तर बढाया पिऊन जगता."

पहिलं मडकं कुणी फेकलं ते कुणीच सांगू शकलं नसतं. पिकार्डांच्याच बाकावरच्या हेलिनच्या कानावर जे बसलं ते तिसरं की चौथं असेल. कान फाटला, गळ्यात गरम रक्त उतरलं आणि तो टेबलाखाली गेला. हेलिन हुशार होता, शूर नव्हता, आणि हे त्याला ठाऊक होतं. टेबलाखालून त्याला फक्त पाय दिसत होते. गोबेरचे दांडगे पाय, बाक उचलून गरगर फिरवताना एका जागी रोवलेले. एका नॉर्मनचं गुडघ्यातून उलटं वळलेलं तंगडं. मग आनसोचे पाय. ते मागे सरकले, अडखळले आणि आनसो खाली आला, हेलिनच्या नाकासमोर, पोटावर दोन्ही हात दाबून. बोटांमधून रक्त येत होतं आणि तो चेहऱ्यावर अगदी लाज वाटल्यासारखा भाव आणून म्हणाला, "अरे, ह्याने खरंच मारलं."

हेलिनने डोकं बाहेर काढून पाहिलं. वर तुस्तान उभा होता, हातात सुरी. तोही दचकलेला दिसत होता.

शहरात गोबेर, आनसो आणि हेलिन एकाच खोलीत राहायचे, एकाच गावचे म्हणून. गावाकडच्या पाद्र्याने तिघांना एकदमच पाठवलं होतं. हेलिन वर चढत गेला, आता मास्तर एव्हरारच्या हाताखाली उमेदवार म्हणून वाद करत होता आणि शिकवायचा परवाना त्याच्या टप्प्यात होता. गोबेर मात्र पहिल्या पायरीवरच बसून राहिला. लॅटिन त्याच्या डोक्यात शिरायचं ते भिंतीत खिळा ठोकल्यासारखं, हळूहळू आणि वेदना देत. पण हेलिनचा एकही वाद त्याने चुकवला नाही. मागे उभा राहायचा, अर्धंमुर्धं समजून घ्यायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "काय बोललास लेका! त्या इंग्रजाची बोलतीच बंद."

बिशपच्या न्यायाधीशाने तुस्तानला शिक्षा दिली. शुक्रवारी पाव आणि पाणी, वेदीसमोर एक मेणबत्ती आणि थंडी सरल्यावर पायी तीर्थयात्रा. चर्चच्या माणसाला चर्चची शिक्षा, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तोवर तुस्तान मोकळा. रोज सकाळी वर्गात यायचा आणि इतरांसारखा जमिनीवरच्या गवतावर बसायचा, गोबेरच्या पुढेच. गोबेरला समोर मास्तर दिसायचे नाहीत. तुस्तानची मान दिसायची.

"हेलिन, तुला एक विचारू?" एकदा जेवताना तो म्हणाला. पुढ्यात मटारचं सूप निवत होतं. "मी रोज उठलो की आत एकच आवाज येतो. मार त्याला. प्रार्थना केली तरी तोच. उपास केला तरी तोच. हा देवाचा आवाज असेल का?"

"भुकेचा असेल. सूप पी."

"मस्करी करू नकोस. तू शिकलेला आहेस."

"गोबेर, उद्या माझा वाद आहे. सगळं विद्यापीठ लोटणार आहे. वाद होऊ दे, मग निवांत बोलू."

गोबेरने मान डोलावली आणि सूप प्यायला. हेलिन पुन्हा पुस्तकात शिरला. कसला निर्दयीपणा नव्हता हो त्यात. परीक्षा तोंडावर आली की माणूस असाच होतो.

आणि त्या वादाचा प्रश्न काय होता? मास्तर एव्हरारनी महिन्यापूर्वी दारावर लावलेला: मनाचा कौल चुकीचा असला, तरी माणसाने तो पाळलाच पाहिजे का?

वादाची रीत ठरलेली. उत्तर देणारा उमेदवार उभा, समोरचा कुणीही विधान टाकणार, आणि उमेदवाराने तीनपैकी एका शब्दाने उत्तर द्यायचं. मान्य. अमान्य. नाहीतर भेद करतो, म्हणजे हे एका बाबतीत खरं आहे, दुसऱ्या बाबतीत नाही, थांबा, वेगळं करून दाखवतो. एकदा मान्य केलेलं मागे घेता येत नाही. घेतलं की हरला. आणि शेवटचा निवाडा त्या दिवशी नाहीच, तो दुसऱ्या दिवशी मास्तर करणार. रात्रभर प्रश्न उघडा.

हेलिन त्या दिवशी बोलला ते ऐकणाऱ्यांनी पुढे कित्येक दिवस सांगितलं. तो म्हणाला, कौल पाळलाच पाहिजे. का? ज्याला वाटतं की हा देवाचा हुकूम आहे, तो हुकूम समजूनच मोडतो ना? मग हुकूम खोटा असला तरी त्या माणसाने लाथाडलं ते देवालाच. समोरून एक इंग्रज उठला, आडवा झाला. एक जर्मन उठला, त्याचीही तीच गत. हेलिनचा फाटका कान लाल झाला होता आणि तो मजेत होता, अगदी तारेत.

या उत्तराचा दुसरा अर्धा भाग त्याला पाठ होता. कौल पाळणं भाग आहे, पण पाळला म्हणून माणूस निर्दोष ठरत नाही. आपल्याच रागाने, आपल्याच आळसाने कौल बिघडवला असेल तर पाळला तरी पाप, मोडला तरी पाप. सुटका एकच, आधी कौल दुरुस्त करायचा. हे कुणीतरी विचारेल आणि आपण भेद करू, म्हणून तो वाट बघत होता. कुणी विचारलंच नाही. विरोधकाला सुचलं नाही ते आपण होऊन त्याच्या तोंडात घालायचं, ही या धंद्याची रीत नव्हे. ते उद्या मास्तर सांगतील. हेलिन खाली बसला. टाळ्यांच्या गलक्यात त्याने मागे पाहिलं तेव्हा गोबेरची जागा रिकामी होती.

गोबेरने तुस्तानला लहान पुलावर गाठला. हत्यार नव्हतंच त्याच्याकडे. त्याने दोन्ही हातांनी तुस्तानचे केस धरले आणि त्याचं डोकं पुलाच्या दगडी कठड्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. तुस्तान पहिल्याच फटक्यात लुळा पडला असावा, पण गोबेर थांबला नाही. मासे विकणाऱ्या बायका किंचाळत पळाल्या. टोपल्यांतले खारवलेले हेरिंग पुलावर सांडले आणि त्यांच्यात तुस्तानचे दात. मग गोबेर उठला, हात झग्याला पुसले आणि शाळेसमोरच्या गल्लीतल्या चर्चमध्ये जाऊन वेदीच्या पायरीवर बसला. तिथे बसलेल्याला ओढून काढायचं नाही, हा नियम तान्ह्या पोरालाही माहीत होता.

तासाभरात नॉर्मन जमले. पिकार्ड आधीच दारात उभे होते. पहिल्यांदा दगड, मग दांडकी. दाराच्या वरचा एक संत नाकासकट खाली आला. एका पिकार्डने दार लावून घेताना बोटं चौकटीत घातली आणि बाहेरच्यांनी दार ढकललं. त्याची बोंब ऐकून आतली मेणबत्ती विझवणारी म्हातारी बेशुद्ध पडली. शेवटी बिशपचा न्यायाधीश खेचरावरून आला, सर्दीने बेजार, आणि त्याने दोन्ही बाजूंना बहिष्काराची धमकी दिली. मग आत जाऊन गोबेरला विचारलं.

"मी शास्त्राप्रमाणे केलं," गोबेर म्हणाला. "हेलिनला विचारा."

न्यायाधीश स्वतः जुना मास्तर. शास्त्राचं नाव निघताच मेल्याचे डोळे चमकले. त्याने जाहीर केलं: उद्या वाद पुरा होऊ दे, मी ऐकायला बसेन. शास्त्र याच्या बाजूने असेल तर याला प्रायश्चित्त. नसेल तर याचं चर्चपण काढून घेतो आणि कोतवालाच्या हवाली करतो. कोतवालाच्या हवाली म्हणजे फास. ते वेगळं सांगायची गरज नव्हती.

हेलिन आत गेला तेव्हा गोबेर पायरीवर पाव खात होता. हातांच्या चिरांमध्ये रक्त काळं झालं होतं.

"ये. कसा झाला शेवट? मी मधेच निघालो."

"गोबेर, अरे काय करून बसलास हे!"

"तूच म्हणालास की. पाळलं नाही तर देवाला लाथाडलं. ऐकलं आणि तिथूनच निघालो. इतके दिवस मी देवाला लाथाडत होतो." त्याने पावाचा तुकडा पुढे केला. "खातोस?"

हेलिनच्या तोंडाशी तो दुसरा अर्धा भाग आला होता. सांगून टाकावा, याच्या अंगावर ओरडून सांगावा, असं त्याला वाटलं. पण गोबेर इतक्या शांतपणे चावत होता. आनसो गेल्यापासून तो असा जेवलेला हेलिनने पाहिला नव्हता. हेलिनने तुकडा घेतला आणि तसाच हातात धरून बाहेर आला.

मास्तर एव्हरार खोलीत येरझाऱ्या घालत होते.

"हे बघ हेलिन. शेवटचा निवाडा माझा, पण तुझ्या तोंडून जे येईल त्याच्या पुढे मी जाणार नाही. मला या गल्लीत राहायचंय. पिकार्ड माझ्या खिडक्या फोडतील, नाहीतर नॉर्मन माझी हाडं."

"मी भेद केला तर?"

"तर शास्त्र पुरं झालं. परवाना तुझा. आणि तुझा तो बैल फासावर."

"आणि नाही केला तर?"

"तर न्यायाधीशाला उत्तर अर्धवट मिळेल आणि तो तुझ्या मित्राला सोडेल. पण हा उमेदवार खुनाला देवाचा हुकूम म्हणतो, असं तुझ्या नावाला कायमचं चिकटेल. परवाना विसर. गावी जाऊन पोरांना बाराखडी शिकव." मास्तर पुन्हा येरझाऱ्या घालू लागले. "मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं, विचारू नकोस. मला माझी लाज वाटते."

हेलिनने मन घट्ट केलं. परवाना गेला खड्ड्यात. उद्या तो तिसरा शब्द तोंडातून काढायचाच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो शूर होणार होता, आणि त्याला त्याचा अभिमानही वाटला. कुणालाही वाटला असता.

दुसऱ्या दिवशी शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. झग्यांच्या आत काय काय आहे ते फुगवट्यांवरून कळत होतं. न्यायाधीश पुढे बसून नाक पुसत होता. लोकांनी दोन-तीन विधानं टाकली, हेलिनने सफाईने परतवली. जिथे भेद करायला हवा तिथे त्याने बगल दिली, आणि बगल देण्यात तो पटाईत होता. न्यायाधीशाने समाधानाने मान डोलावली. एवढ्यात नॉर्मनांमधून ओस्मॉन उठला.

ओस्मॉन तुस्तानचा थोरला भाऊ. तोही उमेदवार, हेलिनच्याच तोडीचा, थंड डोक्याचा. त्याचे डोळे सुजलेले होते, पण आवाज वर्गातल्यासारखाच.

"मनाचा कौल पाळणं हे देवाचं बंधन आहे."

"मान्य," हेलिन म्हणाला.

"देवाचं बंधन माणसांनी केलेल्या नियमांहून मोठं आहे."

"मान्य." हे तर कुणीही मान्य करेल.

"वेदीच्या पायरीवर बसलेल्याला हात लावायचा नाही, हा नियम माणसांनी केला आहे."

हेलिन थबकला. अमान्य म्हणावं? पण हा नियम राजांनी आणि बिशपांनी केला, हे त्यानेच गेल्या वर्षी याच खोलीत सिद्ध केलं होतं. शंभर जणांना ते आठवत होतं.

"मान्य."

"मग ज्याचा कौल म्हणतो की भावाचा खुनी मेलाच पाहिजे, तो चर्चच्या दारात थांबला तर त्याने देवाला लाथाडलं."

हेलिनला सगळं दिसलं. कौल रागाने बिघडला असेल तर तो माणूस थांबलाच पाहिजे, आधी कौल दुरुस्त केलाच पाहिजे, हे त्याला दिसलं. भेद करतो, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की न्यायाधीश तेच गोबेरला लावणार, आणि फास. अमान्य म्हटलं तर आधीची तिन्ही उत्तरं कोसळतात आणि गोबेरचा बचाव त्यांच्यासोबत. वर्षानुवर्षं घोटलेली जीभ. विधान आधीच्यातून सरळ निघत होतं, कुठेही सांधा सुटलेला नव्हता. आणि हे शेवटी शब्दच आहेत, चर्चच्या दारात पिकार्ड उभे आहेत, असं त्याला वाटलं.

"मान्य," हेलिन म्हणाला.

मागून कुणीतरी टाळी वाजवली. उत्तर खरंच स्वच्छ होतं. मास्तर एव्हरारनी डोळे मिटले.

ओस्मॉनने रीतीप्रमाणे वाकून आभार मानले. मग तो वळला आणि दाराकडे चालू लागला. त्याच्या मागे नॉर्मन उठले, सगळे एकदम, गवत पायांखाली करकरलं. तेव्हा कुठे हेलिनला आठवलं की दारातले पिकार्ड आता दारात नाहीत. ते सगळे इथे आले होते, त्याला ऐकायला.

"थांबा!" तो व्यासपीठावरून उडी मारून धावला. पिकार्ड आणि मागे राहिलेले नॉर्मन दारातच एकमेकांना भिडले होते. कुणाच्या तरी कोपराने त्याचे ओठ फुटले. तो माणसांच्या पायांमधून रांगत रस्त्यावर निघाला आणि पळत सुटला. "भेद करतो!" तो ओरडत होता. "ओस्मॉन, भेद करतो! ऐक! मी भेद करतो!" खिडक्यांतून बायका डोकावून बघत होत्या. कुणाला वाटलं असेल, शिकून शिकून पोराचं डोकं फिरलं.

चर्चचं दार सताड उघडं होतं. गोबेरने प्रतिकार केलेला दिसत होता. एक नॉर्मन खांबाशी जबडा धरून बसला होता, दुसरा पालथा पडला होता आणि त्याच्या पोटाखाली पितळी मेणबत्तीदान वाकलं होतं. तिघांनी गोबेरला पायरीवर दाबून धरलं होतं. ओस्मॉनने सुरी दोनदा खुपसली होती आणि हेलिन पोचला तेव्हा तिसऱ्यांदा खुपसली. वेदीवरचं पांढरं कापड खालच्या टोकापासून लाल चढत गेलं.

"मी भेद करतो," हेलिन म्हणाला. त्याला दम लागला होता.

ओस्मॉन उभा राहिला. त्याचा चेहरा आता थंड नव्हता, तो रडत होता. "तेव्हा बोलायचं होतंस," तो म्हणाला. "मी वाट पाहिली. देवाशपथ, मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. तू भेद केला असतास तर मी खाली बसलो असतो." आणि तो आपल्या माणसांना घेऊन निघून गेला.

हेलिनने गोबेरचं डोकं मांडीवर घेतलं. बाहेर गल्लीत आरडाओरडा जवळ येत होता. जखमा दाबायला त्याचे दोन हात पुरे पडेनात.

"तुझा आवाज ऐकला," गोबेर म्हणाला. तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला. "भेद करतो म्हणत होतास."

"बोलू नकोस. पाद्र्याला बोलावतो."

"भेद म्हणजे... दुसरी बाजू असते ना? एवढं कळतं मला." त्याने हेलिनची बाही धरली. "मग मी चुकलो होतो का रे?"

पाद्री कुठे पळाला होता कुणास ठाऊक. वेळ नव्हता. नाही म्हणावं, बरोबर होतास म्हणावं, याला शांतपणे जाऊ द्यावं, असं हेलिनचं सगळं अंग ओरडत होतं. पण आपलं पाप कळल्याशिवाय मेला तर हा कुठे जाईल, हेही त्याला माहीत होतं. तेवढं त्याने खरोखर शिकलेलं होतं आणि खरोखर मानलेलं होतं.

"हो," तो म्हणाला. "चुकलास. रागाने चुकलास. आणि मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. क्षमा माग, गोबेर. आत्ता माग. माझ्या मागून म्हण."

गोबेर त्याच्याकडे बघत राहिला. शिव्या घालेल, बाही झटकेल, असं हेलिनला वाटलं. पण गोबेरला एखादी गोष्ट नीट समजली की त्याच्या कपाळावरची आठी जायची, ती गेली.

"बरं," तो म्हणाला. "तुझ्या वाटची पण मागू का?"

हेलिनने मान डोलावली.

गोबेर पुटपुटू लागला, लॅटिनमध्ये, नेहमीसारखं चुकत, अडखळत. हेलिनने त्याला सुधारलं नाही. गोबेर स्वतःच्या नावापर्यंत पोचला. त्यापुढे हेलिनचं नाव यायचं होतं. मग त्याने श्वास घ्यायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.